घूस, बीळ आणि बांध

मंडळी, घूस ओळखत नाही असा माणूस खेड्यात सापडायचा नाही. दिवसा ती दिसत नाही. तिचं सगळं काम रात्री. सकाळी उठून पाहावं, तर जोत्याच्या कडेला भुसभुशीत मातीचा ढीग! आपण पायाने ती माती बिळात लोटतो, वर एक दगड ठेवतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी दगडाच्या शेजारी नवा ढीग. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एखाद्या दिवशी भिंतीला तडा जातो, नाहीतर भर लावणीत बांध फुटतो. तेव्हा कुठे आपल्याला जाग येते.

एक कोरणारा आणि दुसरा बुजवणारा, असा हा खेळ आहे. यात बुजवणारा नेहमी हरतो. कारण घूस रोज काम करते आणि आपण आठवण झाली म्हणजे करतो. हा खेळ जिंकायचा कसा, ते या पाठात पाहू.

घुशीचं बिऱ्हाड

घूस ही उंदराच्याच जातीची. गावात, घराच्या आसपास राहते ती मोठी घूस. तिचं वजन अर्ध्या किलोपासून किलोभरापर्यंत भरतं. चिडली म्हणजे ती डुकरासारखी गुरगुरते. तेलुगू भाषेत तिला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. शेतात राहते ती तिची धाकटी बहीण. ती आकाराने लहान, वजन पाव किलोच्या आसपास. पण नुकसान करण्यात ती थोरलीला हार जात नाही.

घुशीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर तिला तोंड मिटणं कठीण. म्हणून ती भूक असो वा नसो, कुरतडत राहते. लाकूड, पोतं, विजेची तार, प्लास्टिकची नळी, काही सोडत नाही.

बीळ म्हणजे नुसतं भोक नव्हे. आत वाटा असतात, पिल्लांची खोली असते आणि धान्याचं कोठारही असतं. शेतातली लहान घूस भाताच्या लोंब्या तोडून आत साठवते. रायगड, ठाणे भागातले कातकरी बांधव भात कापून झालं की अशी बिळं उकरतात, उंदीर धरतात आणि आतलं भात बाहेर काढतात. बीळ कुठे वळलं, कोठार कुठे असेल, हे त्यांना वरच्या मातीवरून कळतं. ही विद्या शिकण्यासारखी आहे.

आता थोडा हिशेब करू. एक उंदीर दिवसाला २५ ग्रॅम धान्य खातो असं धरा. वर्षाला किती झालं? नऊ किलोच्या वर. घरात आणि गोठ्यात मिळून असे वीस असले, तर वर्षाला १८० किलो, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल! हे झालं फक्त पोटात गेलेलं. लेंड्या आणि मुतामुळे जे नासतं ते निराळंच. शिवाय मादी एका वेताला सहा-आठ पिल्लं देते आणि वर्षातून पुष्कळ वेळा विते. म्हणजे आज वीस आहेत ते वीसच राहतील, असं समजू नये.

बीळ कोणाचं?

बीळ दिसलं की घूसच, असं मानू नका. आधी नीट पाहा.

तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग असेल, कधी तोंड आतून मातीने बुजवलेलं असेल, तर ते घुशीचं.

भाताच्या बांधावर लहान गोल भोक आणि भोवती ओल्या चिखलाच्या गोळ्या असतील, तर तो खेकडा.

मोठं बीळ आणि आसपास काळेपांढरे काटे पडलेले दिसले, तर ते साळिंदराचं.

तोंड गुळगुळीत, माती जुनी आणि वर कोळ्याचं जाळं असेल, तर ते बीळ बहुधा ओसाड आहे. पण ओसाड म्हणून हात घालायचा नाही. नाग आणि घोणस हे विषारी साप उंदराच्या मागे बिळात शिरतात आणि तिथेच मुक्काम करतात. बिळात हात घालणं म्हणजे संकटाला हात देणं. काठी नाहीतर पहार वापरा, पायात बूट घाला आणि उजेडी काम करा.

साळिंदर, घोरपड, खवले मांजर हे वन्यप्राणी आहेत. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना आणि सापांनाही संरक्षण आहे. त्यांचं बीळ निघालं तर आपण होऊन काही करू नये. वनखात्याच्या माणसाला कळवावं.

बांध कसा फुटतो?

‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असं आपण थट्टेने म्हणतो. बांधाच्या बाबतीत उलटं होतं. इथं उंदीरच डोंगर पोखरतो.

वरच्या खाचरात पाणी साठलेलं आहे. खालचं खाचर हातभर खोल आहे. मधे बांध. घुशीने बांधात वाट कोरली, तिचं एक तोंड वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला. पाण्याला आयती नळी मिळाली. आधी नुसता पाझर लागतो. पाझराबरोबर थोडी माती वाहते. नळी रुंद होते. मग पाणी जास्त वाहतं, म्हणून माती जास्त वाहते. वरून बांध चांगला दिसतो, आतून पोकळ झालेला असतो. एका रात्री जोराचा पाऊस पडतो आणि वरचं छप्पर खाली बसतं. बांध गेला.

नुसता बांध गेला असं नाही. साठवलेलं पाणी गेलं, टाकलेलं खत गेलं, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली वरची कसदार माती गेली. खालच्या शेजाऱ्याची लावणी गाळाखाली गेली. मग दोन घरांत भांडण. बीळ घुशीचं आणि कज्जा माणसांचा!

म्हणून पावसाळ्यात बांधावरून फिरताना वर पाहू नका, खालच्या अंगाला पाहा. स्वच्छ पाझर दिसला तर लक्ष ठेवा. गढूळ पाझर दिसला तर समजा की आतली माती वाहते आहे. ते काम उद्यावर टाकू नका.

जिवंत बीळ शोधा

बांधावर पन्नास बिळं दिसतात. सगळ्यांत घूस असते का? नाही. मग ज्यांत आहे तीच कशी ओळखायची? युक्ती सोपी आहे.

संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं ओल्या मातीने लिंपून टाका. सकाळी जाऊन पाहा. जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांच्याजवळ एकेक काठी रोवा आणि काठ्या मोजून वहीत लिहा. आता मेहनत कुठे करायची ते कळलं. आठ दिवसांनी पुन्हा हेच करा. आकडा कमी झाला असेल तर उपाय लागू पडला. वाढला असेल तर उपाय बदला. आता आपल्याला लिहिता येतं, त्याचा असा उपयोग करावा.

घराचा बंदोबस्त

पुष्कळ ठिकाणी ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार असतो. बीळ परसात बुजवतो, पण घूस येते ती घरातल्या धान्यासाठी. तिला खायला मिळतंय तोवर ती हलणार नाही. म्हणून आधी तिचं जेवण बंद करा.

१. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. कणगी असेल तर ती जमिनीवर टेकवू नका. दोन-अडीच फूट उंच पायांवर ठेवा. प्रत्येक पायाला पत्र्याची गोल टोपी उलट्या फनेलासारखी बसवा. तिच्यावरून उंदराला चढता येत नाही. कणगी भिंतीला चिकटून नसावी. नाहीतर तो भिंतीवरून उडी घेतो.

२. रात्री उष्टं, गुरांचा पेंड-भुसा, कोंबड्यांचं दाणं उघडं टाकू नका.

३. सरपण आणि कडब्याची गंजी भिंतीला लागून रचू नका. मधे माणूस फिरेल इतकी वाट ठेवा. घुशीला आडोसा आवडतो, मोकळी जागा आवडत नाही.

४. दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करा. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. अर्ध्या बोटाची फटही लहान उंदराला पुरते.

५. एवढं झाल्यावर जोत्यातली बिळं बुजवा. नुसती माती लोटून उपयोग नाही. बीळ जेवढं उकरता येईल तेवढं उकरा. फुटक्या काचा आणि खडी सिमेंटमध्ये कालवून ती आतपर्यंत ठासा. काच असली की घूस तिथे पुन्हा तोंड घालत नाही. काचा हाताळताना हाताला जाड फडकं बांधा.

मी ज्या शाळेत होतो तिथे पडवीचा एक कोपरा वीतभर खचला होता. फरशी काढून पाहिली, तर खाली एक घमेलं ठेवता येईल एवढी पोकळी! त्या कोपऱ्याशेजारीच मुलांचं जेवणाचे डबे ठेवायचं फळकूट होतं. रोज सांडलेली भाकरी आणि रोज नवी माती. फळकूट हलवलं, पोकळी खडीने भरली. पुन्हा तिथे घूस आली नाही.

पिंजरा लावायचा तर पहिले दोन दिवस तो उघडाच, न लावता ठेवा. आत भाकरीचा तुकडा नाहीतर सुकट ठेवा. घूस संशयी असते. तिची भीती मोडली की मग चाप लावा. पकडलेली घूस दुसऱ्याच्या शिवारात नेऊन सोडू नका. ती पीडा शेजाऱ्याच्या गळ्यात घालणं झालं.

मांजरावर फार भरवसा ठेवू नये. ते लहान उंदीर धरतं, पण मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही.

शेताचा बंदोबस्त

शेतातलं काम उन्हाळ्यात करायचं. तेव्हा शिवारात खायला कमी असतं, बिळं उघडी दिसतात आणि बांध दुरुस्त करायला सवड असते. पिकं पोटरीला आल्यावर धावपळ करून फायदा थोडा.

बांध गरजेपुरताच रुंद ठेवा. फार रुंद आणि गवताने माजलेला बांध म्हणजे घुशीचा वाडा. बांधावरचं तण काढा.

जिवंत बीळ शेवटपर्यंत उकरा. फक्त तोंड बुजवलं तर आत पोकळी राहते आणि तिथूनच बांध फुटतो. उकरून झाल्यावर चर मातीने एकदम भरू नका. चार बोटांचा थर टाका, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका. मग दुसरा थर. असं वरपर्यंत करा. ठोकलेली माती आणि लोटलेली माती यांत बांध आणि ढिगारा एवढा फरक आहे.

धुराचाही उपाय जुना आहे. मडक्यात गवत आणि गोवरी पेटवून धूर बिळात फुंकतात. बाकीची तोंडं बंद करून एक उघडं ठेवलं की उंदीर तिथून बाहेर पडतो. यात विष नाही, म्हणून हा उपाय चांगला. मात्र जवळ सुकं गवत, गंजी असेल तर करू नये.

काही लोक बांधावर विजेची तार सोडतात. हे कधीही करू नका. अशा तारेने माणसं मरतात, आणि सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

आता आपल्या मित्रांविषयी. धामण हा बिनविषारी साप आहे. त्याचं मुख्य अन्न उंदीर. गव्हाणी घुबड रात्रभर शेतावर उंदीर टिपतं. घुबड अशुभ म्हणून आपण त्याला दगड मारतो, आणि उंदीर मात्र सुखाने नांदतात! शेतात सहा-सात फूट उंचीच्या काठीवर आडवी काठी बांधून ती रोवून ठेवा. घुबडाला बसायला जागा होते.

विष हा शेवटचा उपाय

वरचं सगळं करूनही घुशी राहिल्या, तरच विषाचा विचार करा. विष उंदराला ओळखत नाही. ते लहान मुलाला, कोंबडीला, कुत्र्याला सारखंच मारतं. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने किंवा कुत्र्याने खाल्ला, तर त्यालाही बाधा होऊ शकते.

पुडा हातात घेतला की आधी त्यावरची खूण पाहा. टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल. पिवळा म्हणजे जहाल. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मग नाव, मुदतीची तारीख आणि विषावरचा उतारा वाचा. आत घडीपत्रक असतं, तेही वाचा. सुट्टं, बिननावाचं विष बाजारातून आणू नका.

झिंक फॉस्फाइड ही काळसर पूड जहाल आहे. तिच्यावर उतारा नाही. एकदा थोडं खाऊन त्रास झालेला उंदीर पुन्हा ते खात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष देऊन सवय लावतात आणि मग विषाचं देतात. ब्रोमॅडिओलोन हे सावकाश काम करतं. उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून त्याला संशय येत नाही. त्याच्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा डॉक्टरांकडे असतो. कोणतं, किती आणि कसं वापरायचं, हे कृषी सहायकाला विचारून ठरवा.

विष कालवताना हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. आमिष उघड्यावर टाकू नका. कागदाच्या पुडीत बांधून जिवंत बिळात खोल सरकवा आणि तोंड बंद करा. मेलेले उंदीर काठीने गोळा करून खोल पुरा. उरलेलं विष कुलपात ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. धान्यात टाकायच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. त्या कोणीही घेऊन वापराव्यात अशा नाहीत. सरकारमान्य जाणकारांनीच त्या वापरायच्या, असा नियम आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो. घराजवळच्या बिळात गोळी टाकली, तर तो वायू फटींतून घरात शिरतो. धान्यात गोळ्या ठेवून त्याच खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत. त्यांत लहान मुलं आधी जातात. घूस मारायला जाऊन घरातला दिवा विझवायचा का? घरात त्या गोळ्या आणूच नका.

कोणाच्या पोटात विष गेलंच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. १०८ ला फोन करा. पुडा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कोणतं विष ते डॉक्टरांना लगेच कळलं पाहिजे.

उंदीर आपोआप मरू लागले तर

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मग तो पुण्यात पसरला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. उंदरावरच्या पिसवा चावून हा रोग माणसाला होतो.

ही फार जुनी गोष्ट, असं म्हणू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने तात्पुरत्या निवाऱ्यात राहायला गेले. धान्य मात्र घरांत राहिलं. रिकामी घरं आणि भरलेलं धान्य, उंदरांना आणखी काय हवं? १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे उंदीर मरून पडू लागले आणि पिसवा वाढल्या. पाठोपाठ काखेत, जांघेत गाठी येऊन ताप येणारे रोगी आढळले.

म्हणून विष घातलेलं नसताना उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा.

दुसरा रोग लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातले जंतू खाचरातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. लावणीला जाताना जखम बांधा, जमेल तर गमबूट घाला. चिखलात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘मी चिखलात काम केलं’ हे आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळालं तर हा रोग बरा होतो.

गाव करी ते राव न करी

एक शेतकरी मोठा कष्टाळू होता. त्याने आपल्या बांधावरची सगळी बिळं उकरली. महिन्याभरात पुन्हा तेवढीच बिळं! असं का झालं? शेजारच्या तीन बांधांवर कोणी हात लावला नव्हता. रिकामी झालेली जागा तिथल्या घुशींनी घेतली. त्याची मेहनत फुकट गेली.

घुशीला सातबारा कळत नाही. हा बांध तुमचा, तो माझा, हे भेद आपले. म्हणून हे काम एकट्याचं नव्हे, शिवाराचं आहे. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून एक आठवडा ठरवावा. पहिल्या संध्याकाळी सर्वांनी बिळं लिंपावी. दुसऱ्या सकाळी काठ्या रोवून मोजावी. मग सगळ्यांनी एकाच वेळी उकरावं, ठोकावं. ज्या घरात माणूसबळ नाही, एखादी विधवा बाई किंवा म्हातारा माणूस असेल, त्यांच्या बांधावर इतरांनी हात लावावा. तो उपकार नव्हे. तो बांध राहिला तर सगळ्यांचे बांध राहिले नाहीत असं समजा.

सांगा पाहू

१. बीळ घुशीचं की खेकड्याचं, हे कशावरून ओळखाल?
२. जिवंत बीळ ओळखण्याची युक्ती कोणती?
३. पाझर गढूळ दिसला तर त्याचा अर्थ काय?
४. पुड्यावरच्या चौकोनात लाल रंग असेल तर काय समजाल?
५. तुमच्या घरात सहा घुशी आहेत. प्रत्येक घूस दिवसाला २५ ग्रॅम धान्य खाते. महिन्याच्या ३० दिवसांत किती धान्य जाईल?

करून पाहा

आपल्या घराभोवती फिरून बिळं मोजा. तारीख घालून आकडा वहीत लिहा. आठ दिवसांनी पुन्हा मोजा. नंतर गावच्या फळ्यासाठी चार ओळींची सूचना लिहा : बिळं लिंपायचा दिवस कोणता, जमायचं कुठे, आणि बरोबर काय आणायचं. सूचना वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. सगळ्यांना पटली तर ती खरोखरच फळ्यावर लावा.